आठ ग्लायडर आणि एकच हवा : दोन दिवसांच्या एका स्पर्धेचे परीक्षण

रेडिओ-नियंत्रित ग्लायडरच्या ज्या स्पर्धेत मी गेल्या शनिवारी आणि रविवारी भाग घेतला, तिच्याविषयी लिहिताना माझे मत आधीच नोंदवून ठेवते. स्पर्धा फार चांगली झाली, आणि तिचे पहिले श्रेय मी आयोजकांनी घड्याळाशी राखलेल्या इमानाला देते. एका गटातील आठही जणांना तीच हवा, तोच वारा आणि तेच ऊन मिळावे, ही या खेळाची मूळ अट आहे. ती पाळायची असेल, तर सुरुवातीचा भोंगा ठरल्या क्षणी वाजावा लागतो आणि त्या क्षणी आठही मॉडेले हातातून सुटण्याच्या तयारीत असावी लागतात. दोन दिवसांत हे अठ्ठावीस वेळा घडले आणि एकदाही कोणाला ताटकळत उभे राहावे लागले नाही. रविवारी दुपारी मात्र एका निर्णयात आयोजकांकडून उशीर झाला आणि त्याचा फटका एका स्पर्धकाच्या पंखाला बसला. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण ती चूक टाळता येण्यासारखी होती.

स्पर्धा एफ५जे या वर्गाची होती. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल या संस्थेच्या नियमावलीत ग्लायडरचे अनेक वर्ग आहेत. हाताने गोल फिरवून फेकायच्या, दीड मीटरपर्यंत पंखविस्ताराच्या मॉडेलांचा एफ३के. डोंगरउतारावर शंभर मीटरच्या दहा फेऱ्या वेगाने पूर्ण करायचा एफ३एफ. दोरीने वर ओढून सोडायचा एफ३जे. एफ५जेमध्ये दोरीची जागा नाकावर बसवलेल्या छोट्या विद्युत मोटरने घेतली आहे. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते. ती एकदा बंद झाली की पुढचे सगळे उड्डाण केवळ हवेच्या भरवशावर करायचे असते. मॉडेलमध्ये बसवलेला अल्टिमीटर उड्डाणाच्या सुरुवातीपासून मोटर बंद झाल्यानंतरच्या १० सेकंदांपर्यंत गाठलेली सर्वाधिक उंची नोंदवतो, त्यामुळे मोटर लवकर बंद करून उरलेल्या वेगावर गुपचूप आणखी वर चढण्याची युक्ती इथे चालत नाही. मोटर पुन्हा चालू केली, तर ते उड्डाण शून्यावर जाते.

गुणांची पद्धत ज्यांना ठाऊक नाही, त्यांना या स्पर्धेतील रस कळणार नाही, म्हणून थोडे थांबून सांगते. प्रत्येक गटाला १० मिनिटांचा वेळ मिळतो आणि हवेत राहिलेल्या प्रत्येक पूर्ण सेकंदाला एक गुण असतो. उतरताना मॉडेलचे नाक ठरलेल्या बिंदूपासून एक मीटरच्या आत थांबले, तर ५० गुण मिळतात. पुढच्या प्रत्येक मीटरला ५ गुण कमी होत जातात. यातून उंचीचा दंड वजा होतो. पहिल्या २०० मीटरपर्यंत प्रत्येक मीटरला अर्धा गुण आणि त्यावरच्या प्रत्येक मीटरला ३ गुण. म्हणजे ६० मीटरवर मोटर बंद करणारीचे ३० गुण जातात, १८० मीटरपर्यंत चढणारीचे ९०, आणि घाबरून २१० मीटरवर जाणारीचे तब्बल १३०. समजा पहिली पायलट ६० मीटरवरून ५९८ सेकंद उडाली आणि बरोबर बिंदूवर उतरली, तर तिचे ६१८ गुण होतात. दुसरी तितकाच वेळ उडाली, पण १८० मीटरवरून, आणि पुढच्या मीटरात उतरली, तर तिचे ५५३. गटातील सर्वोच्च गुणांना १००० धरून इतरांचे गुण त्या प्रमाणात काढले जातात, तेव्हा दुसरीच्या नावावर सुमारे ८९५ लागतात. दोघीही जवळजवळ पूर्ण दहा मिनिटे उडाल्या, तरी शंभराहून अधिक गुणांचे अंतर पडले, आणि ते पडले पहिल्या अर्ध्या मिनिटातच. मोटर कुठे बंद करायची, हा एक निर्णय घेताना पायलटचे सगळे धैर्य आणि हवेची सगळी समज पणाला लागते.

हजाराच्या प्रमाणात गुण काढण्याची ही रीत गटापुरती मर्यादित असते, हे लक्षात ठेवावे. सकाळी नऊ वाजता थंड, निपचित हवेत उडालेल्या गटाची तुलना दुपारच्या उसळत्या हवेतील गटाशी होत नाही. म्हणूनच गट कसे पाडले आहेत, याला मोठे महत्त्व येते. इथे बत्तीस स्पर्धकांचे आठ-आठ जणांचे चार गट होते आणि ते प्रत्येक फेरीत बदलत होते. ग्लायडरस्कोअर या प्रणालीने काढलेली सोडत शनिवारी सकाळी फलकावर लागली, तेव्हा मी ती शेवटपर्यंत वाचली. सात फेऱ्यांत बहुतेक प्रत्येकाशी माझी एकदा तरी गाठ पडत होती आणि कोणाशीही सारखी पडत नव्हती. एकेकाळी गट पाडताना कोणाचा ट्रान्समीटर कोणत्या क्रिस्टलवर चालतो हे आधी पाहावे लागे; एकाच वारंवारतेचे दोघे एका गटात आले, तर एकाचे मॉडेल हमखास जमिनीवर. २.४ गिगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरनी ती चिंता संपवली. आता सोडत केवळ न्यायाच्या कसोटीवर काढता येते, आणि या आयोजकांनी ती तशी काढली होती.

शनिवारी चार फेऱ्या झाल्या. पाच मिनिटे तयारीची, दहा मिनिटे उड्डाणाची, उरलेली उतरण्याची आणि मोजमापाची, असा प्रत्येक गटाला वीस मिनिटांचा हिशोब होता. ध्वनिवर्धकावरून येणारा रेकॉर्ड केलेला आवाज उरलेली मिनिटे आणि शेवटचे सेकंद स्पष्ट सांगत होता. मैदानाच्या डाव्या टोकाला, जिथे सातवा आणि आठवा बिंदू होता, तिथे वारा सुटल्यावर तो आवाज नीट पोहोचत नव्हता. दुसरा कर्णा त्या टोकाला लावणे सहज शक्य होते. दुसऱ्या फेरीत मी आठव्या बिंदूवर होते आणि शेवटचे दहा सेकंद मला माझ्या टाइमकीपरच्या तोंडून ऐकावे लागले. त्यांनी ते चोख मोजले, ही गोष्ट वेगळी.

टाइमकीपरांची व्यवस्था मला सर्वांत आवडली. बऱ्याच ठिकाणी ज्याचा त्याचा सोबतीच स्टॉपवॉच धरतो. त्यात कोणी लबाडी करतो असे मी म्हणत नाही. पण ज्याचे डोळे वर जाणारी हवा दाखवणाऱ्या घारी शोधण्यात आणि पायलटला दिशा सांगण्यात गुंतलेले आहेत, त्याच्या अंगठ्यावर सेकंदाचा भार टाकणे योग्य नाही. इथे उडत नसलेल्या गटांतून टाइमकीपर नेमले होते आणि त्यांची यादी सोडतीबरोबरच लावली होती. सोबती फक्त हवा वाचत होता, टाइमकीपर फक्त वेळ मोजत होता. उतरल्यावर अल्टिमीटरच्या पडद्यावरची उंची टाइमकीपर आणि पायलट दोघे मिळून वाचत, कार्डावर लिहीत आणि सही करत. कार्ड जमा झाल्यावर दहा मिनिटांच्या आत गुण पडद्यावर दिसत. दोन दिवसांत गुणांवरून एकही तंटा झाला नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता हवेविषयी. शनिवारची सकाळ फसवी होती. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, आणि काठीच्या टोकाला बांधलेली हलकी फीत मधूनच एका बाजूला उचलली जात होती. अशा वेळी जमिनीजवळची हवा कुठेतरी वर जाऊ लागलेली असते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा तिकडे सरकत असते. फीत जिकडे झुकते, तिकडे थर्मल, म्हणजे वर चढणारा उबदार हवेचा झोत, असण्याची शक्यता असते. मी त्या फितीवर विसंबले आणि पहिल्याच फेरीत ४२ मीटरवर मोटर बंद केली. पूर्वेच्या नांगरलेल्या शेतावर मॉडेलचे शेपूट एकदा उचलले गेले, मी वळले, एक वर्तुळ पूर्ण केले, आणि तेवढ्यात तो बुडबुडा माझ्या मॉडेलच्या डोक्यावरून वर निघून गेला. सकाळचे थर्मल असेच असतात, लहान आणि एकमेकांपासून तुटलेले. खालून उशिरा पोहोचणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. २३० सेकंदांत मी जमिनीवर होते. बिंदूवर अचूक उतरल्याचे ५० गुण मिळाले, उंचीचे २१ गेले, आणि हाती आलेले २५९ गुण गटातील पहिल्याच्या ६१५ पुढे ठेवल्यावर ४२१ झाले. सर्वांत कमी गुणांची एक फेरी वगळण्याची तरतूद होती, म्हणून मी स्पर्धेत टिकले. पण एक चूक खर्च झाली आहे आणि दुसरी करायची सोय नाही, हे ओझे पुढच्या सहाही फेऱ्यांत खांद्यावर होते.

तिसऱ्या फेरीपर्यंत ऊन तापले आणि मैदान खऱ्या अर्थाने जिवंत झाले. या फेरीत माझ्या सोबतीला आयोजकांनी दिलेले एक अनुभवी पायलट होते. दूर दोन घारी घिरट्या घालताना दिसल्या आणि मी मॉडेल तिकडे वळवू लागले, तेव्हा ते म्हणाले, “घारींकडे जाऊ नका. त्या जिथून वर चढू लागल्या, ते झाड पाहा. पुढचा थर्मल तिथूनच सुटेल.” मी झाडांच्या त्या रांगेवर मॉडेल नेले, फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, दोन मिलिमीटर खाली घेतले आणि वाट पाहिली. वीस सेकंद काहीच झाले नाही. मग डावा पंख हळूच उचलला गेला. उचललेल्या पंखाच्या बाजूला वळायचे, हे सगळ्यांना माहीत असते. वळल्यावर वर्तुळ किती घट्ट करायचे आणि ते वाऱ्याबरोबर किती सरकू द्यायचे, हे मात्र उडवूनच कळते. ५५ मीटरवर मोटर बंद केलेले मॉडेल चौथ्या मिनिटाला इतके उंच आणि दूर गेले, की चार मीटरचा पंख एका रेघेएवढा दिसू लागला. परतीच्या वाटेवर थर्मलच्या कडेची खाली जाणारी हवा असते. तिथे रेंगाळून उंची वाचवण्याचा मोह होतो, पण फ्लॅप थोडे वर घेऊन, नाक खाली करून तो पट्टा वेगाने कापणेच स्वस्त पडते. मी ५९७ सेकंदांना, बिंदूपासून दोन मीटरच्या आत उतरले. ती माझी सर्वांत चांगली फेरी ठरली.

अनुभवी सोबती देण्याची ही सोय सर्वांनाच होती, पण तिचा खरा लाभ नवख्यांना झाला. सात जण पहिल्यांदाच स्पर्धेत उतरले होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाला पूर्ण दोन दिवसांसाठी एक जाणता पायलट नेमून दिला होता, आणि हे जाणते पायलट स्वतःही स्पर्धेत असल्यामुळे सोडत अशी बसवली होती, की दोघे एका गटात कधीच येणार नाहीत. एवढा विचार करणारे आयोजक मी कमी पाहिले आहेत. पहिल्या दिवशी सकाळी २०० मीटरच्या वर चढून सुरक्षित उडणारी एक मुलगी रविवारी ७० मीटरवर मोटर बंद करू लागली होती. महागड्या कार्बनच्या मॉडेलांपुढे तिचे साधे, लाकडी फासळ्यांचे मॉडेल सातव्या फेरीत गटात तिसरे आले, तेव्हा तिच्या सोबत्याचा आनंद तिच्याहून मोठा होता.

रविवारी दुपारची गोष्ट आता सांगायला हवी. सहाव्या फेरीच्या सुरुवातीला वारा फिरला आणि अर्ध्या तासात त्याने जवळजवळ काटकोन केला. उतरण्याचे बिंदू एका रांगेत, एकमेकांपासून दहा मीटर अंतरावर आणि वाऱ्याला आडवे आखलेले असतात, म्हणजे प्रत्येक मॉडेल वाऱ्यासमोर येत आपापल्या बिंदूवर उतरते आणि कोणाचाही मार्ग कोणाला छेदत नाही. वारा काटकोनात फिरला की तीच रांग वाऱ्याच्या दिशेने लांबट होते. मग पहिल्या बिंदूवर उतरणाऱ्याला इतर सात जणांच्या डोक्यावरून यावे लागते. आठही पायलटांना त्याच शेवटच्या पाच सेकंदांत उतरायचे असते, हे लक्षात घेतले तर धोका किती आहे हे उघड आहे. फेरीतील पहिल्या गटानंतर दोघा-तिघांनी संचालकांच्या हे नजरेस आणून दिले. फेरी एकाच आखणीवर पूर्ण व्हावी, असे त्यांचे मत पडले. दुसरा गट तसाच उडाला, आणि उतरताना पाच-सहा मीटर उंचीवर दोन मॉडेले एकमेकांवर आदळली. एकाचा पंख मुळाशी मोडला. माणसांना इजा झाली नाही. दोघांनाही पुन्हा उडण्याची संधी मिळाली, आणि पंख मोडलेल्या स्पर्धकाने ती आपल्या दुसऱ्या मॉडेलवर घेतली. तिसऱ्या गटाच्या आधी रांग हलवण्यात आली, त्याला जेमतेम पंधरा मिनिटे लागली.

आखणी मध्येच बदलणे अन्यायाचे ठरेल, ही संचालकांची भीती प्रामाणिक होती, पण ती चुकीची होती असे मला ठामपणे वाटते. गुण गटापुरते काढले जातात. एका गटाला एक आखणी आणि पुढच्या गटाला दुसरी मिळाली, तरी प्रत्येक गटातील आठही जणांसाठी परिस्थिती सारखीच राहते, कोणाचेही नुकसान होत नाही. ज्या नियमामुळे ही स्पर्धा न्याय्य ठरते, त्याच नियमाने त्यांना रांग हलवण्याची पूर्ण मोकळीक दिली होती. वेळापत्रकाविषयीची जी निष्ठा दोन दिवस स्पर्धेला तारत होती, तिने त्या वीस मिनिटांत सुरक्षिततेवर मात केली. त्याच संध्याकाळी संचालकांनी सर्वांसमोर चूक मान्य केली आणि वारा ४५ अंशांहून अधिक फिरल्यास पुढच्या गटापूर्वीच आखणी बदलण्याचे ठरवले, हेही इथे नोंदवते.

बाकीच्या सोयींविषयी थोडक्यात. मॉडेले ठेवण्याचा मंडप प्रशस्त होता आणि वाऱ्याकडची बाजू कनातीने बंद केली होती, हे चार मीटरचे पंख सांभाळणाऱ्यांना फार मोलाचे वाटते. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी वेगळी जागा, वाळूचे ट्रे आणि अग्निशामक नळकांडे होते. ही जागा मंडपापासून दूर ठेवल्याने पायपीट झाली, तरी ती दूर असणेच बरोबर आहे. शनिवारच्या तपासणीत पंखविस्तार, वजन, अल्टिमीटर आणि ट्रान्समीटरचा पल्ला हे सगळे पाहिले गेले. सावलीत बसायला खुर्च्या कमी होत्या.

अंतिम उड्डाणांसाठी पहिले आठ जण निवडले गेले. मी अकरावी आले, त्यामुळे त्या दोन उड्डाणांत माझ्याकडे टाइमकीपरचे काम आले, आणि खरे सांगायचे तर स्पर्धेतील सर्वांत सुंदर पंधरा मिनिटे मी स्टॉपवॉच हातात घेऊनच पाहिली. अंतिम उड्डाणांत वेळ दहाऐवजी पंधरा मिनिटांचा असतो आणि आधीच्या फेऱ्यांचे गुण जमेस धरले जात नाहीत. संध्याकाळ होत आली होती, जमीन निवत होती, थर्मल विरळ झाले होते. तरीही दुसऱ्या उड्डाणात माझ्या बिंदूवरच्या पायलटने ३१ मीटरवर मोटर बंद केली. इतरांपैकी कोणीही ६० मीटरच्या खाली थांबले नव्हते. दिवसभर तापलेल्या झाडीतून अशा वेळी उष्णता हळूहळू सुटत असते आणि तिच्यावर मंद, रुंद अशी वर जाणारी हवा मिळते. तिथे त्याने मॉडेल इतक्या सपाट आणि मोठ्या वर्तुळात फिरवले, की पहिली आठ मिनिटे त्याची उंची ना वाढली ना कमी झाली. त्याच्याहून दुप्पट उंचीवरून निघालेले दोघे बाराव्या-तेराव्या मिनिटाला खाली आले. तो ८९७ सेकंदांना उतरला आणि मॉडेलचे नाक बिंदूच्या खिळ्याला टेकून थांबले. मी कार्डावर वेळ लिहिली, उंची वाचली, ती त्याला दाखवली. सही करताना त्याचे हात थरथरत होते आणि माझेही.

पुढच्या वेळी नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवणीने कराव्यात. एक, आपल्या अल्टिमीटरचा पडदा उन्हात वाचता येतो का, ते घरून निघण्यापूर्वी पाहावे. या वेळी तिघांना उंची वाचण्यासाठी मॉडेल मंडपात न्यावे लागले. दुसरे, सोडतीत आपला बिंदू सातवा किंवा आठवा आला, तर शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजायला टाइमकीपरला आधीच सांगून ठेवावे.